मुकादमणीचा नवरा

कृष्णात पलटणीत हवालदार होता तेव्हा त्याच्यासमोर मान वर करून बोलायची कुणाची टाप नव्हती. कोरेगाव तालुक्यातल्या आपल्या गावी तो सुट्टीवर आला की म्हातारी माणसंसुद्धा कट्ट्यावर सरकून त्याला जागा करून देत. असा माणूस पेन्शनीत निघाला, सांगलीला आला आणि हळदीच्या एका वखारीत 'अंबूआक्काचा मालक' होऊन बसला.

त्याचं असं झालं. बहात्तरच्या दुष्काळात गावाकडं प्यायला पाणी उरलं नाही. कृष्णात तिकडं सरहद्दीवर, घरी बायको अंबूबाई आणि लेक. अंबूबाईनं आधी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मग मावस बहिणीच्या ओळखीनं सांगली गाठली. नानासो म्हणजे पेठेतले जुने हळद व्यापारी. त्यांच्या वखारीत ती हळद निवडायला बसली, आणि पुढं त्या निवडणाऱ्या बायकांची मुकादमीण झाली. लेकीला शिराळ्यात दिली ती सोयरीकही तिनंच जमवली. कृष्णात नुसता अक्षता टाकायला सुट्टी घेऊन आला होता.

पेन्शनीत आल्यावर त्याला वाटलं, आता बायको घरी बसेल.

"बसून करू काय?" अंबूबाई म्हणाली. "आन् तुमी तरी बसून काय करनार हायसा?"

त्याच सुमारास वखारीतल्या हमालांचा मुकादम काम सोडून लेकाकडं राहायला गेला. अंबूबाईनं नानासोंच्या कानावर शब्द घातला आणि ती जागा कृष्णातला मिळाली. बायकोनं शब्द टाकला म्हणून आपल्याला काम लागलं, हे त्याला नंतर कळलं. ते त्याला झोंबलं. पण काम मात्र त्यानं सोडलं नाही.

वखार एकच होती. निम्म्या भागात बायका हळद निवडायच्या. लांब हळकुंडं एका बाजूला, गोल गड्डे दुसऱ्या बाजूला, मोडलेली कणी तिसरीकडं. उरलेल्या भागात हमाल पोती उतरायचे, थप्प्या लावायचे, ट्रक भरायचे. मधे भिंत नव्हती. पोत्यांची थप्पी हीच काय ती भिंत. त्यामुळं थप्पीपलीकडं काय चाललंय ते कृष्णातला सगळं ऐकू यायचं, आणि तेच त्याच्या जिवाला लागायचं.

पलीकडं हसणं चालायचं. हळदीच्या धुरळ्यानं बायकांच्या नाकाघशाची वाट लागलेली, हात कोपरापर्यंत पिवळे, तरी त्या हसायच्या आणि हसता हसता ढिगामागून ढीग संपवायच्या. अलीकडं कृष्णातची पलटण होती. त्यानं पहिल्याच दिवशी हमालांना एका रांगेत उभं केलं होतं. रोज सकाळी हजेरी, रांग, हुकूम. केरबा हमाल सगळ्यांत वयस्क. तो रांगेत उभा राहून तंबाखू मळायचा आणि कृष्णातनं डोळे वटारले की हळूच दुसरीकडं बघायचा. कामाला नाही कुणी म्हणत नसे. पण कृष्णात नानासोंच्या पेढीकडं वळला रे वळला की पोती उचलणारे हात सैल पडत. तो परत आला की पुन्हा चालू. थप्पीपलीकडं मात्र अंबूबाई तासभर बाहेर गेली तरी काही थांबत नसे.

एकदा चंद्राबाई नावाच्या बाईनं हळकुंडांच्या अख्ख्या ढिगात गड्डे मिसळून टाकले. आता पलीकडं आवाज चढेल म्हणून कृष्णात कान देऊन उभा राहिला. अंबूबाई फक्त तिच्याशेजारी जाऊन बसली आणि तो ढीग तिच्यासोबत पुन्हा निवडायला लागली.

"चंद्रे, तुला दिसतंय का गं नीट?" तिनं हळू विचारलं.

"न्हाई दिसत आक्का. हितं लय अंधार हाय."

दुसऱ्या दिवशी चंद्राबाईची जागा दाराजवळच्या उजेडात होती. आणि त्या कोपऱ्यातल्या अंधारात अंबूबाई स्वतः बसली होती.

'असले लाड केल्यावर कोण हसणार न्हाई,' कृष्णात मनाशी म्हणाला. पलटणीत असली चूक झाली असती तर त्यानं रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. पण ढीग संध्याकाळच्या आत निवडून झाला होता, हेही त्यानं पाहिलं होतं, आणि पाहिल्याचा त्याला राग आला होता.

घरी तरी सुटका असावी. पण बायका घरीही यायच्या. कुणाचा नवरा दारू पिऊन आलेला, कुणाच्या पोराला ताप. कृष्णात दारातच उभा असला तरी त्याच्या खांद्यावरून आत बघत विचारायच्या, "आक्का हाय का?" तो बाजूला व्हायचा.

बायकोचा मत्सर वाटतो हे कुठला पुरुष स्वतःशी तरी कबूल करील? कृष्णातनं त्याला दुसरं नाव दिलं. शिस्त. वखारीला शिस्त राहिली नाही असं त्याला वाटायला लागलं. तान्ह्या लेकराच्या बायांना अंबूबाई मधेच घरी सोडायची, पोराला पाजून परत यायला. नानासोंना हे माहीत नव्हतं. एका दुपारी कृष्णात पेढीवर गेला, उगाच इकडचं तिकडचं बोलला आणि निघता निघता म्हणाला, "मालक, बाया कामातनं उठून घरी जात्यात. तुमच्या कानावर असावं म्हनून सांगितलं."

दुसऱ्या दिवशी नानासो वखारीत आले आणि सगळ्यांच्या देखत अंबूबाईला बोलले. बोलले म्हणजे चांगलंच बोलले. बायका माना खाली घालून बसल्या. थप्पीच्या अलीकडं हमालांचे हात थांबले.

"चुकलं मालक," अंबूबाई म्हणाली. "मीच पाठवत हुती. त्यांचा काय दोष न्हाई. पर पाजायला तर पाठवायला लागतंय. पायजे तर त्या सांजच्याला तेवढा वेळ जास्ती बसतील."

नानासोंनी जरा विचार केला आणि ते कबूल केलं. म्हणजे चोरून चाललेली गोष्ट आता हक्काची झाली. त्या आठवड्यात बायका तिच्याभोवती आणखीच सरकून बसल्या.

पेढीवर कोण गेलं होतं हे अंबूबाईला कळायला वेळ लागला नसणार. वखारीतून पेढीवर जाणारी माणसं दोनच, एक ती आणि एक तो. नानासो बोलून गेले त्या संध्याकाळी कृष्णात भांडणाची वाट बघत बसला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. त्यालाही चार शब्द सुनावता आले असते. अंबूबाईनं भाकरी वाढली, कालवण वाढलं.

"गार झालंय का?" तिनं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला.

एवढंच. अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून तो उठला.

शिमगा झाला आणि हळदीची आवक ऐन भरात आली. वखारीत पाय ठेवायला जागा नव्हती. ते आणीबाणीचे दिवस. गाड्या वेळेवर गेल्या पाहिजेत म्हणून नानासो सगळ्यांच्या मागं लागलेले. त्या सकाळी मुंबईची गाडी दारात उभी होती, हमाल रांगेत उभे होते, आणि गुंडा आजही आला नव्हता. गुंडा म्हणजे रेड्यासारखा ताकदीचा गडी. तो एकटा दोघांचं काम ओढायचा, आणि हल्ली रोज उशिरा येत होता. आला तेव्हा ऊन वखारीच्या दारात आलं होतं. कृष्णातच्या डोक्यात ते सगळं एकदम गेलं. गाडी, थप्पीपलीकडचं हसणं, कितीतरी दिवसांचं साचलेलं.

"काय रं," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बायकूच्या लुगड्यात दडून बसलावतास व्हय?"

गुंडानं मान खाली घातली. पण त्याच्या मागून कुणीतरी पुटपुटलं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. "बायकूच्या लुगड्याला धरून कोन मुकादम झालाय, त्ये समद्या पेठंला ठाव हाय."

कुणी बोललं ते कृष्णातनं पाहिलंच नाही. समोर गुंडा होता. त्यानं गुंडाच्या छातीला दोन्ही हात लावून त्याला मागं ढकललं. गुंडा पोत्यांवर आदळला. उठला. मूठ वळली, पण हात उचलला नाही. त्यानं डोक्यावरची पोत्याची खोळ काढली, जमिनीवर टाकली आणि तिच्यावर बसला. मग केरबा बसला. मग एकेक करून सगळे. संप हा शब्द तोंडातून काढायचीही त्या दिवसांत भीती होती, म्हणून कुणी काही म्हणालंच नाही. नुसते बसले.

थप्पीपलीकडचा आवाज बंद झाला.

गाडीच्या ड्रायव्हरनं पेढीवर सांगितलं असावं. नानासो धोतराचा सोगा सावरत आले. बसलेली माणसं पाहिली, दारातली गाडी पाहिली, कृष्णातच्या तोंडाकडं पाहिलं. त्याला एक शब्दही त्यांनी विचारला नाही. थप्पीच्या फटीशी जाऊन हाक मारली, "अंबूबाई, जरा इकडं या."

ती पदराला हात पुसत आली.

"तुमचं ऐकतील ही माणसं," नानासो म्हणाले. "सांगा ह्यांना चार शब्द. गाडी भरायची आहे."

कृष्णातचे कान तापले. ती काय म्हणेल, कशी म्हणेल, हे त्याला आधीच दिसत होतं. ती गुंडाजवळ बसेल, हळू आवाजात काहीतरी विचारील, आणि ती माणसं उठतील. उठतीलच. त्या घटकेला त्याला बायकोचा जेवढा द्वेष वाटला तेवढा युद्धातही समोरच्या माणसाचा वाटला नव्हता.

"न्हाई मालक," अंबूबाई म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"ही मान्सं ह्येंच्या हाताखालची हायत. माझ्या बोलन्यानं उठली, तर उद्यापास्नं ह्येंनी कुनाच्या तोंडाकडं बघून काम सांगायचं?"

"आणि गाडी?"

"गाडीला उशीर झाला तर मला बोला. पर बोलायचं त्ये ह्येच बोलतील." आणि ती फटीतून परत गेली. जाताना तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. नानासो 'बघा काय ते' म्हणून पेढीकडं गेले.

कृष्णात एकटा उरला. समोर बसलेली माणसं, आणि तोंडात सवयीनं आलेला हुकूम. तो त्यानं कसाबसा गिळला. मग तो गुंडासमोर उकिडवा बसला. पलटणीत असं हाताखालच्या माणसासमोर तो कधी बसला नव्हता.

"उशीर का हुतोय?" त्यानं विचारलं.

गुंडा जमिनीकडं बघत होता. केरबा म्हणाला, "आत्ता इचारतासा व्हय?"

"व्हय. आत्ता इचारतुय."

केरबानं गुंडाला कोपरानं ढोसलं. मग गुंडाच म्हणाला, "मंडळी बाळंत झाल्यात. उठवत न्हाई त्यांस्नी अजून. घरात दुसरं बाईमानूस न्हाई. थोरल्या दोगा पोरांस्नी खायला करून यायला लागतंय." खोळीचं टोक चाळवत तो पुढं म्हणाला, "भाकऱ्या येत न्हाईत मला. करपत्यात. मग पुन्यांदा कराय लागत्यात."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कृष्णातला हसू आलं नाही. एवढा मोठा गडी चुलीपुढं बसून भाकरी थापतोय, हे त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि मघाशी आपण काय बोललो ते आठवून त्याला लाज वाटली.

"मी बोललो त्ये चुकलं," तो म्हणाला. "आन् ढकलाय तर नगंच हुतं."

"तोंडानं बोलला त्ये ऱ्हाऊ द्या," केरबा म्हणाला. "आमी बी बोललो. पर हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावनार."

गुंडानं खोळ उचलून झटकली आणि डोक्यावर घातली. बाकीचे उठले. गाडी भरली गेली. पण गुंडा त्याच्याशी पुढं कितीतरी दिवस कामापुरतंही धड बोलला नाही, आणि त्याबद्दल कृष्णातला त्याला काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

गाडी उशिरा निघाली म्हणून नानासोंनी त्याला पेढीवर बोलावलं. "माझ्यामुळं झालं मालक, त्यांचा दोष न्हाई," असं तो बोलून गेला आणि बोलल्या क्षणीच त्याच्या लक्षात आलं की हे शब्द त्याचे नाहीत, बायकोचे आहेत. चूक कबूल करायलासुद्धा तिचीच भाषा उसनी घ्यावी लागली, हे त्याला घरी पोचेपर्यंत डाचत राहिलं.

संध्याकाळी अंबूबाई चुलीपुढं बसली होती. तो उंबऱ्यावर बसला.

"का न्हाई बोललीस त्यांच्यासंगं?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "बोलावंसं वाटलं हुतं. लय वाटलं. तुमी मालकांकडं जाऊन चहाडी केलीसा, तवापास्नं माझ्या मनात हुतं, की एकदा ह्येंना दावावं. आज देवानंच आनून दिलं म्हना की हाताशी."

"मग?"

"मग काय. हमाल उठलं असतं, पर तुमी बसला असता."

तिनं चुलीवर तवा ठेवला. राग तिच्याही पोटात होता, इतके दिवस होता, हे त्याला नवीन होतं. त्याला वाटायचं ती मूळचीच तशी आहे, शांत, समजूतदार. तिला काही करावं लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं रांग बंद केली. मग बायकोसारखं वागून बघावं म्हणून तो हमालांना घरची विचारपूस करायला लागला. पोरं किती, म्हातारी कशी आहे, शेत कुठं. हमाल एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी केरबा म्हणाला, "हवालदार, कुनाची सोयरीक जमवायची हाय का?" सगळे हसले आणि कृष्णातनं तो नाद सोडला. ते त्याला जमत नव्हतं आणि शोभतही नव्हतं.

त्याला जमत होतं ते वेगळं. माणसांना ओझी कशी वाटून द्यायची हे त्याला पलटणीनं शिकवलं होतं. वरच्या थरातलं पोतं उतरवणाऱ्याची कंबर जाते आणि लांबवर नेणाऱ्याचे गुडघे जातात, हे तो बघत होता. रोज तीच माणसं त्याच जागी राबत होती. त्यानं जागा बदलायला सुरुवात केली. गुंडाला त्यानं सांगितलं, बायको उठेपर्यंत उशिरा ये आणि शेवटची गाडी भरून जा. त्यावर बाकीचे कुरकुरले.

"उद्या माझं ढोपर दुखलं तर?" केरबानं विचारलं.

"तर सांग. सांगितल्याबिगर मला कळनार न्हाई. मला त्ये आपसूक कळत न्हाई."

हे त्यानं खरं सांगितलं होतं आणि ते केरबाला पटलं असावं. कधीमधी कृष्णातचा आवाज चढायचा. चढला की तो दारात जाऊन उभा राहायचा आणि मग परत यायचा. हळूहळू असं व्हायला लागलं की तो पेढीवर गेला तरी पोत्यांचा धप्प धप्प आवाज मागं चालूच राहायचा.

मत्सर गेला म्हणावं, तर तेही खोटं ठरेल. पलीकडं हसू फुटलं की अजूनही कशाला हसल्या असतील हे ऐकायला तो थप्पीशी घुटमळायचा.

हंगाम संपत आला तेव्हा अंबूबाईच्या हाताखाली एक नवी बाई आली होती. ती जाताना ओटीत हळकुंडं नेते, हे अंबूबाईच्या लक्षात आलं. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "काय करू वो? मालकांस्नी सांगितलं तर तिला हाकलत्यात. न्हाई सांगितलं तर बाकीच्या बघत्यात."

तिनं त्याला कामातलं काही विचारलं होतं. तो चकितच झाला. पलटणीतलं उत्तर तयार होतं, पण ते त्यानं दिलं नाही. "मला ठाव न्हाई," तो म्हणाला. मग दोघं बराच वेळ त्यावर बोलत बसले. बाजूला घेऊन विचारावं असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी अंबूबाईनं त्या बाईला बाजूला घेतलं. बाईनं आधी कानावर हात ठेवले, मग अंबूबाईला नाही नाही ते बोलली. तुझा नवरा मालकांचे कान भरतो आणि तू आम्हाला शहाणपण शिकवतेस, असंही म्हणाली. आणि चालती झाली. पुन्हा आली नाही. थप्पीपलीकडं त्या दिवशी कुणी हसलं नाही.

हे सगळं कृष्णातनं अलीकडून ऐकलं. आणि ऐकताना पहिल्यांदा त्याला काय वाटलं असेल, तर बरं वाटलं. हिचंही चुकतं तर. ते बरं वाटणं त्यानं ओळखलं. इतक्या दिवसांची ओळख होती. पण त्या बाईच्या शिव्यांतली एक शिवी त्याच्या नावाची होती, आणि ती अंबूबाईनं मुकाट ऐकून घेतली होती, हेही त्यानं ऐकलं होतं.

संध्याकाळी ती घरी आली ती पिवळे हात न धुताच भिंतीला टेकून बसली. चूल पेटवायला उठली नाही.

"बस तशीच," तो म्हणाला. "मी च्या करतो."

त्यानं चूल पेटवली. त्याला चहा येत होता तो पलटणीच्या लंगरातला, भरपूर गुळाचा आणि दाट. फुलपात्र तिच्या हातात देऊन तो समोर बसला.

"काय म्हनली ती?" सगळं ऐकलेलं असूनही त्यानं विचारलं.

अंबूबाई सांगायला लागली. तो मधे बोलला नाही.